किती भोकं?

एलियावाच्या बाजारात, आतल्या ओळीत सहावा गाळा,
तिथं मी नुगझारकडं कामाला आहे.
गाळा म्हणजे चार फळ्या, वर ताडपत्री.
जानेवारीत पान्याला हात लावला
की कातडी लोखंडाला चिकटते.

लोक येतात, हत्यार उचलतात,
तळहातावर जोखतात,
आणि विचारतात: चांगलं आहे का हे?
नुगझार हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
कशासाठी हवंय, एवढंच विचारतो.

मला त्यानं शिकवलं ते असं:
छिन्नीच्या कडेवर कानस फिरव.
कानस चावली तर ते पोलाद नव्हे, पोलादाची बतावणी.
कानस घसरली, तर पुढचं बोलू.
पान्यात नट घाल आणि हलव,
डुलला तर उद्या तोच नट गोल होईल,
आणि शिव्या आपल्याला बसतील.
ड्रिल चालू करून नुसतं टोक बघ,
दमलेल्या भोवऱ्यासारखं झोकांड्या खात असेल
तर खोक्यावरचं चित्र कितीही देखणं असो, खोक्यात परत.

आणि जुनं ते सगळं सोनं, असंही समजू नकोस.
त्याच्याकडं रशियन जमान्यातली एक पक्कड आहे,
किंमत लोखंडातच ठोकलेली: एक रूबल वीस कोपेक.
ते रूबल गेले, तो देश गेला,
भाव तेवढा राहिला.
पकडीचे दात मात्र
तेव्हाही एकमेकांना भेटत नव्हते.

ग्राइंडरच्या चकत्या तो स्वस्तातल्या ठेवत नाही.
त्याच्या डाव्या तर्जनीला एक पेर कमी आहे.
सात लारी वाचवले होते, तो सांगतो,
आणि गिऱ्हाईक हसावं की न हसावं या घोळात असताना
महागडी चकती बांधून देतो.

त्सिआला आली नोव्हेंबरात.
शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त,
ग्लदानीला आठव्या मजल्यावर एकटी.
दोन ड्रिल समोर ठेवून म्हणाली, हे चारशेचं, ते पंचाहत्तरचं,
फरक सांगा. नकाशावर दाखवतात तसा.
नुगझारनं विचारलं, किती भोकं?
तिनं बोटं मोजली. फळीची सहा, पडद्याची चार,
नवऱ्याच्या फोटोचं एक.
अकरा.
पंचाहत्तरचं घ्या, तो म्हणाला,
आणि तीनशे पंचवीस लारीचं नुकसान
माझ्याकडं न बघता सोसलं.

एप्रिलात ती परत आली, पिशवीत तेच ड्रिल, मेलेलं.
मी भांडणाच्या तयारीत उभा राहिलो.
तिनं वही काढली.
अकरा माझी, ती म्हणाली, बाकी इमारतीची.
सातव्या मजल्यावर लालीच्या पाळण्याचे हूक,
तळमजल्यावर ओतारची अख्खी कपाटं,
जिन्याचा कठडा.
एकूण तीनशे बेचाळीस.
तक्रार नाही, फक्त आत काय झालं ते बघायचंय.

नुगझारनं ड्रिल उलटं केलं. सहा स्क्रू.
गोंदानं चिकटवलेलं असतं तर इथंच संपलं असतं, तो म्हणाला,
जे उघडतं ते विकत घ्यावं.
आत कार्बनचे दोन ब्रश, झिजून नखाएवढे.
नवे तीन लारीचे.
बटण दाबलं, आणि गाळ्यातल्या सगळ्या करवती
फळीवर बारीक थरथरल्या.
तिनं वहीत नवं पान काढलं.

माझ्या पहिल्या पगारात मी छिन्नी घेतली होती,
याच बाजारात, दुसऱ्या ओळीत, नुगझारला न सांगता.
अक्रोडाच्या पहिल्याच गाठीवर
तिची धार डब्याच्या पत्र्यासारखी दुमडली.
फेकली नाही.
रंगाच्या डब्यांची झाकणं उघडायला
तिच्यासारखं दुसरं काही नाही.
नुगझारही तीच मागतो,
कुठून आणली म्हणून
अजून एकदाही विचारलेलं नाही.