पेन्सिलीचा रकाना

परदेशीपुऱ्यात चिंचेखाली चार वर्ग, एक प्रार्थनाघर.
घंटा म्हणजे मिलच्या साच्याचं लोखंडी चाक,
मिल बंद पडली त्या वर्षी
वाइंडिंगवाल्यांनी हातगाडीवर घालून आणलेलं.
भंगारात गेलं असतं, बाबा म्हणाले,
इथं निदान वाजेल तरी.

त्या वर्षी फीच्या वहीत
सिस्टर रोझलीन भूरिया शाई वापरत नसत.
झाबुआकडच्या. हिंदी बोलायच्या
तीही टेकडी चढल्यासारखी, मध्येच दम घेत.
खोचरे शालन, दुसरी ब, चौदा रुपये बाकी: पेन्सिलनं.
नफीसा रंगरेज: पेन्सिलनं.
आणि गेंदालाल, ज्याचा बाप सुरतेला गेला तो गेलाच,
त्याचं तर इतकं फिकट
की कागदालासुद्धा कळू नये.

आम्हाला वाटायचं, सिस्टरांकडे पेनच नाही.
आईनं संक्रांतीच्या वाणातलं एक माझ्या हाती पाठवलं.
त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं,
कपाळाला लावलं,
आणि खणात ठेवून दिलं.

आई कधी त्या प्रार्थनाघरात गेली नाही.
पण एप्रिलात नळ कोरडे पडले,
शाळेच्या बोअरिंगपुढे अख्ख्या मोहल्ल्याच्या कळशा लागल्या,
तेव्हा मेरीच्या पुतळ्यावरून जाताना
ती पदर सारखा करायची,
ओट्यावर कुणी वडीलधारं बसलेलं असावं तसा.

आता त्या टेबलाशी मी बसते.
स्क्रीनवर दोनच चौकटी: भरली, बाकी.
बाकीवर बोट ठेवलं की लाल होतं,
आणि ते लाल थेट घरी पोचतं, मोबाईलवर, रात्री नऊला.

काल एक बाई आली. पोह्यांची गाडी लावते,
नवरा कमरेनं अंथरुणाला खिळलेला.
हातांना जिरावणाचा वास.
काही मागितलं नाही तिनं, नुसती उभी राहिली,
पोरगं मागे पायरीवर दप्तर मांडीत घेऊन.

मी खण उघडला. कशासाठी, कोण जाणे.
वाणातलं पेन अजून तिथंच होतं,
टोपण न उघडलेलं.

"मशीन बंद आहे आज," मी म्हटलं,
"दिवाळीनंतर बघू."
मशीन माझ्या कोपराशी घुरघुरत होतं.

बंद हा शब्द ऐकून
या मोहल्ल्यात कुणाला हसताना
मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर कुणीतरी चाकावर हातोडी मारली.
पोरगं उठून पळालं,
चप्पल हातात घेऊन.