हवा

कृषी विद्यापीठाच्या मागच्या गेटासमोर
डुब्बेवारांच्या कंपाउंडवर, लाल ऑइलपेंटात :
'येथे गाडी लावू नये. हवा सोडली जाईल.'
'ल'चा एक ओघळ पार नालीपर्यंत आलेला.

दोनदा सोडली.
तिसऱ्यांदा मी महापालिकेत गेलो.
मुंजाजी गरुड, चष्मा कपाळावर,
रजिस्टर चाळत म्हणाले,
"अधिसूचना नाही. वाहतूक शाखेचं पत्र नाही.
भिंत त्याची, रस्ता आपला.
भिंतीवर काहीबी लिहू द्या की त्याला.
उलट हवा सोडणं हाच गुन्हा.
द्या अर्ज. दोन प्रती. पोच घ्या."

मग मी कायदेशीर गाडी लावली.
गेटापासून दोन हात सोडून,
कुणाच्या म्हशीचीही वाट न अडवता,
आरसा आत दुमडून.
आणि दिवसभर लॅबमध्ये
तुरीच्या शेंगांतले दाणे मोजत बसलो,
चार, चार, तीन, चार,
आज मोजण्यात एकही चूक नाही.

पाचला बाहेर आलो
तर दोन्ही चाकं रिंगवर.

ढकलत नेली वसमत रोडपर्यंत.
उन्हानं डांबर चपलेला धरत होतं.
खिशात पोच :
शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही.

सखाहरीनं कॉम्प्रेसर चालू केला.
त्यामागं फळीवर
लाल ऑइलपेंटचा अर्धा डबा,
ब्रश रॉकेलात बुडवलेला.
मी डब्याकडं पाहिलं.
त्यानं काट्याकडं.

"वीस झाले. सुट्टे द्या.
आन् साहेब, गाडी तिकडं कामून लावता?
बोर्ड हाय ना तिथं."