नोंद

पहिल्या दिवशी मॉरवेन्नानं मला अंगठी काढायला लावली,
मग घड्याळ, मग पट्ट्याचं बक्कल.
"आता खिसे रिकामे कर," ती म्हणाली,
"वाकलं की पेन्सिल पडते,
आणि पडते ती नेमकी दोनशे वर्षं जुन्या कशावर तरी."

ऑक्टोबर सरतो तशी कॉर्नवॉलची ही मोठी घरं मिटतात.
शेवटची मोटार फाटकाबाहेर जाते
आणि आम्ही घराला झोपवतो:
झुंबराला पिशवी, पलंगावर चादर,
टेबलाच्या पायांत मोजे.

सहा महिन्यांची उमेदवारी.
विद्यावेतन बसभाडं आणि सूप यांच्यापुरतं.

वस्तू धूळ खात पडतात असं आपण म्हणतो.
उलटं आहे.
धूळ त्यांना खाते, समुद्रावरची दमट हवा प्यायली की
धाग्याला घट्ट धरून बसते.
म्हणून तट्टाच्या केसांचा ब्रश, एकाच दिशेनं,
नळीच्या तोंडावर जाळी,
निसटलेला धागासुद्धा परत मिळावा म्हणून.
एक खुर्ची, एक अख्खी सकाळ.

पडदे एका बाजूनं विटलेले, जिथे ऊन पोचतं.
रंग विटतो आणि माणूसही विटतो,
डिसेंबरातल्या चौथ्या खुर्चीपाशी मला ते कळलं.

रंगवलेली कपाटं थुंकीनं पुसतात.
थट्टा नाही. कापूस काडीला गुंडाळायचा,
जिभेवर फिरवायचा, मग दरवाजावर, नखाएवढ्या जागेत.
ह्याच घराण्याची थुंकी झेलत
माझ्या पणजोबांनी तबेल्यात जन्म काढला.
आता मी माझी लावते त्यांच्या कपाटाला
आणि त्याला शास्त्र म्हणतात.

बाबांचा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेला.
रविवारी जेवताना विचारतात,
"त्या खुर्चीवर बसणार कोण?"
"कोणी नाही. बसू नये म्हणून
वर काटेरी बोंड ठेवतो."
"गळायला लागली तर फळी बदलायची, पोरी."
"आम्ही बदलत नाही, बाबा. गळती हळू करतो."
त्यांनी बटाटा मोडला, बराच वेळ नुसता मोडला.

फेब्रुवारीत हातमोज्यातून काही कळेना म्हणून
एकच, क्षणभर काढला.
तेवढ्यात आरशाची चौकट हलली आणि मी धरली.
सोडली तेव्हा
सोनं माझ्या अंगठ्यावर होतं.

मॉरवेन्ना ओरडली नाही. तिनं वही आणली.
वर जुन्या नोंदी:
कुत्र्याचे दात, फार पूर्वीचे.
मेणाचा डाग.
जुनी शिवण, चुकीचा दोरा, तशीच ठेवली.
मी लिहिलं: उजवा अंगठा, वरची डावी कड.
कारण: थंडी.
ती उभीच राहिली.
मी 'थंडी' खोडलं. लिहिलं: केरेन्सा.

मग तिनं पानं मागं उलटली, बावीस वर्षं मागं,
आणि एका ओळीवर, न टेकवता, बोट धरलं.
पाण्याचा पेला. गोल डाग. कारण: मॉरवेन्ना.
"कॉफी पिशील?" ती म्हणाली. "बाहेर, अर्थात."

मार्चमध्ये घर उघडलं.
बाबा पूर्ण तिकीट काढून आले,
हात पाठीमागे बांधून,
माझ्या आठवणीत पहिल्यांदाच रिकामे हात.
"कुठंय?"
मी दाखवलं, दुरून.
वाकून बघितलं. त्यांच्या श्वासानं
काच थोडी धुरकटली, पुन्हा स्वच्छ झाली.
"हे बरोबर करता येईल," ते म्हणाले.
"येईल."
"करणार नाहीस."
"नाही."
ते काही बोलले नाहीत. गुडघे दुखत होते,
डोळे एकेका खुर्चीवरून, एकेका बोंडावरून फिरले.
मी त्यांना बाहेर नेलं,
बागेच्या बुटक्या दगडी भिंतीवर
आम्ही दोघं बसलो.