टाकी क्रमांक दोन

तेलंगखेडीकडच्या शेडमध्ये सिमेंटच्या आठ टाक्या.
प्रत्येकीत तीस बोटुकल्या, रोहूच्या,
माझ्या करंगळीएवढ्या,
मोजून, तोलून, वहीत मांडून.

पीठ खानोरकर मॅडमनी माझ्याकडूनच मळून घेतलं:
इतवारीतली भुईमुगाची पेंड, सोयाबीन, कोंडा,
आणि मासळीची पूड, जिचा वास
माझ्या लग्नातल्या साडीलाही लागला.
शेवयांसारखं पाडलं, वाळवलं,
चुरून चार डब्यांत भरलं.
डब्यांवर पट्ट्या: पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस.
टक्के. प्रथिनांचे.
बाकी सगळं सारखं, वेणू, मॅडम म्हणाल्या.
पाणी, हवा, वेळ. एवढंच वेगळं.

सासरे, उकंडाजी दुधपचारे,
जन्मभर गोरेवाड्याला जाळं टाकलेले,
ऐकून हसले:
जिऱ्याले दूध, बोटुकलीले मटण,
म्हाताऱ्या माशाले कोंडाबी पुरते.
एवढ्यासाठी आठ टाक्या काऊन लागते?

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
शेडवर ओली पोती.
दर पंधरवड्याला मी त्यांना ओल्या हातांनी
तराजूवर ठेवते, श्वास रोखून.
पस्तीसवाल्या भरल्या.
चाळीसवाल्या त्यांच्यापुढे गेल्या नाहीत;
जास्तीचं त्यांनी पाण्यातच सोडलं,
तपासणीची बाटली तिथे लवकर हिरवी होते.
आणि दोन नंबर, पंचवीसची:
डोकी मोठी, अंगं बारीक.
खाणं पडलं की सगळ्यांत आधी वर.
उपाशी नव्हत्या. पोटं भरलेलीच होती.
अंगी लागत नव्हतं.

एका रविवारी मॅडम नव्हत्या.
चाळीसच्या डब्यातली चिमूट
माझ्या बोटांतून दोन नंबरमध्ये सांडली.
सांडली, असं मी इथे लिहिते.
पुढच्या रविवारीही सांडली.
त्याच्या पुढच्याही.
एक नंबरची टाकीही पंचवीसचीच.
तिच्याकडे मी पाहिलं नाही.

वजनाच्या दिवशी आलेखावर
एकीचा ठिपका रेषेवर बसला,
दुसरीचा किंचित वर.
मॅडमनी चष्मा पुसला.
पुन्हा करायला लावलं. तेच आलं.
तराजू पुसला होतास ना?
पुसला होता, मी म्हटलं,
आणि हात पदराखाली घेतले, वासासकट.

ठिपका वहीत आहे अजून,
पेन्सिलीचा.
शाईने केला नाही त्यांनी.
खोडलाही नाही.