अकरा पुंगळ्या

वेंगुर्ल्यात मांडवीवर, बर्फाच्या कारखान्यामागे
पास्कू लोबोचं लेथ.
दिवसभर ट्रॉलरचे शाफ्ट, झिजलेली बुशं, पंख्यांची वाकडी पाती.
सातला तो दिवा मालवतो
तेव्हा माझं काम निघतं.
पितळेचा रंग काळोखातच कळतो.

बाबांची रायफल बेळगावच्या कुणा इसाक मिस्त्रीने
आतून पुन्हा कोरून दिलेली,
खांदा पुढे सरकवून, मान आखूड करून.
तेव्हापासून दुकानातलं काडतूस तिला चालत नाही,
जसं बाबांच्या सहा बोटांच्या पायाला
दुकानातलं पायताण कधी चाललं नाही.
परवान्यावर, मापाच्या खान्यात,
कारकुनाने लिहिलंय : इतर.

पत्र्याच्या डब्यात अकरा पुंगळ्या
आणि तळाला बाबांचं अक्षर : चारदा भरल्या. आता जपून.
पास्कूने वाकडी तार आत घालून
एकेकीच्या बुडाशी फिरवली, डोळे मिटून,
दाढेत अडकलेला काटा जिभेने शोधावा तसा.
'ह्यो धा बऱ्यो आसत.
ही मानेत फुटली हा. ही ठेव शोकेसात.'

दहा पुरणार नव्हत्या.
म्हणून दुसऱ्याच बंदुकीचं पितळ आणलं, लांब मानेचं,
एरंडेलाचं बोट पुसून
डायमध्ये थोडं थोडं दाबलं.
तेल जास्त झालं की खांद्याला खळगा पडतो,
कमी झालं की अडकून बसते,
मग करवत, हातोडी,
आणि पास्कूच्या तोंडी सेंट अँथनी.

'पितळ आयकता गो. पण सारख्या सारख्या सांगलंस
तर आतसून कडक जाता. मगे एक दिवस तडकता.'
तो बायकोबद्दल बोलत नव्हता,
तरी त्याने लेथकडे तोंड फिरवलं.

परातीत पाणी, पाण्यात बुडं, वर नुसत्या माना.
निळी ज्योत फिरते.
पिवळं काळवंडतं, मग जांभळट झाक,
मग रंग आहे की नाही असा रंग,
'आता!'
आणि मी चिमट्याने आडवी करते.
चुस्स.
पुढची. चुस्स.
त्याच रात्री डुकरांनी
आमच्या कणग्यांचे दोन वाफे उकरले.

रविवारी मिस्सा आटोपून तो आला
चिऱ्यांच्या बंद खाणीत, इस्त्रीच्या शर्टात.
तांबड्या भिंतीवर ना खूण, ना वर्तुळ.
नेम कुठे धरू, मी विचारलं.
'खंयच नाय. पयलो बार मारूक नसता.
पितळेक घर दाखवूक आसता.'

घोडा ओढला.
खाणीने आवाज दोनदा परत केला.
टिटव्या ओरडत उठल्या,
आणि बोल्ट मागे घेतल्यावर तळहातावर पडली
भाजल्या काजूइतकी गरम पुंगळी.
खांदा धारदार,
हुबेहूब डब्यातल्यांसारखा.
तो ना पास्कूने दाबला होता, ना मी.
आतल्या अंधारानेच बसवला होता.
'जाली तुमची,' पास्कू म्हणाला.
तुमची म्हणजे बंदुकीची की घराची,
मी विचारलं नाही.

संध्याकाळी ती फुटकी अकरावी
ओठाशी धरून फुंकली.
बाबा अशीच शीळ घालून टिपूला बोलवायचे.
चिरेतून वारा निसटला, आवाज फाटका आला.
टिपू नाही आता, त्याची नात पडवीत लवंडलेली.
तिने एकच कान उचलला
आणि परत टाकला.

डब्यात नवा कागद घातलाय.
पेनचं टोपण काढून बसलेय केव्हाची :
पहिला बार
मोजायचा असतो का?