नारळ

नऊच्या कार्यक्रमात सर
पाड्यावरच्या बायांबद्दल जे बोलले
ते इथे लिहीत नाही.
रात्रीच्या पुनःप्रसारणातून मीच कापलं,
साडेचार सेकंद.
जोड कळत नाही. माझा हात बरा आहे.

मोर्चा आला, नव्या बसस्टँडपासून आमच्या जिन्यापर्यंत.
सर म्हणाले, भावना दुखावल्या असतील तर.
'तर'वर आवाज जरा चढला होता,
मी खाली घेतला.
पंधरा दिवस सुट्टी, मग वरणगावला सत्कार:
शाल, नारळ,
'आपला माणूस तोंडावर बोलतो.'

जैतून तडवी, अडावदची.
सकाळी सव्वासातला केळीचे भाव वाचायची.
बाप रात्रभर घड वाहून ट्रक भरायचा.
त्या दिवशी कागद संपला, माइक चालू राहिला,
ती स्वतःशीच म्हणाली,
'चोर शेतस सगळा.'
तीन शब्द.
दुपारी व्यापाऱ्यांची जाहिरात गेली,
संध्याकाळी तिला नारळ.
त्याच्यासोबत शाल नव्हती,
पत्र होतं: भाषेची मर्यादा.

माइक बंद करायचं काम माझं होतं.
कुणी विचारलं नाही.

परवा मळ्यात भरीत झालं.
सरांनी स्वतः वाढलं, कळण्याच्या भाकरीवर तेल सोडलं,
म्हणाले, तू आहेस म्हणून आपण सेफ.
तिखट लागल्यासारखं केलं मी,
पाणी प्यायलो.

ते साडेचार सेकंद अजून आहेत माझ्याकडे.
तिचे तीन शब्दही.
एकाच फोल्डरमध्ये.
नाव दिलंय 'भाव, जुने',
कुणी उघडू नये म्हणून.