एकास सत्त्याऐंशी

डोंगर करणं सोपं असतं.
खाली थर्माकोल, लसींच्या खोक्यातलं,
वर तारीख उलटून गेलेली प्लास्टरची पट्टी.
कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत धरायची, पिळायची
आणि घोट्यावरून घेतात तशी वळवत न्यायची.
मिरजेत एकतीस वर्षं हेच केलं,
फक्त आत माणूस असायचा.

दंडोबा एका रविवारात उभा राहिला.
सुकताना ऊन झाला, प्लास्टर होतं तसा,
आणि मी उगाच त्याच्यावर हात ठेवून बसलो.

भुसा मौला सतारमेकरच्या कारखान्यातला,
तुणीच्या लाकडाचा, मुळातच लालसर;
चाळून घेतला की ढालगावच्या बाजूची जमीन.
"एवढ्याचं काय करताय?"
"रान करतोय."
त्यानं एक तुटकी तारही दिली, वर.
ती आता उदबत्तीच्या काड्यांवरून
तारायंत्राची तार होऊन गेली आहे.
नखानं टिचकी मारली तर अजून काहीतरी म्हणते,
डासाएवढं.

खडी म्हणून आधी रवा टाकला होता.
मुंग्यांनी एका रात्रीत, आमच्या मापानं,
शंभर मीटर मार्ग उचलून नेला.
बायको म्हणाली, भाजून टाकला असतात
तर मीही हातभार लावला असता.
मग मुरूम आणला, चहाच्या गाळणीनं गाळला.
गाळणी नवी घ्यावी लागली.

गवताला सांगलीची हळद, चिमूटभर नीळ.
हिरवंगार झालं, बघवेना इतकं.
माळ्याला पश्चिमेची खिडकी आहे,
आणि हळद उन्हाला टिकत नाही
हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.
दिवाळीपर्यंत सगळं रान उतरलं, राखी झालं.
पुन्हा रंगवायला ब्रश भिजवला,
वाकून पाहिलं, आणि ब्रश धुऊन ठेवला.
तिकडं असंच असतं.

राहिलं सलगरे स्टेशन.
छोटी रेल्वे गेली, फोटो कुणाकडे नाही,
मला आठवते ती एक जाळीची खिडकी
आणि तिच्यामागची करकरणारी खुर्ची.
म्हणून सातलिंगआप्पा जंगमांना आणलं.
जुने पॉइंट्समन, वय ब्याऐंशी, उजवा गुडघा माझ्या ओळखीचा.
जिना चढायला अकरा मिनिटं लागली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: "लिंब हिकडं न्हवता."
मग: "टाकी गळायची. ही कोरडी कशी?"
मी लिंब उपटून पलीकडं लावला.
टाकीखाली व्हार्निशचा एक थेंब पसरला, ओल आली.
"आन् तितं कुत्रं."
कणकेचं केलं. सहा मिलिमीटर.

शेवटी बटण त्यांच्या हातात दिलं.
गाडी दंडोबाला वळसा घालून आली,
फलाटाला लागली. नीट लावली त्यांनी, धक्का न देता.
"एक मिंट थांबायची."
मिनिट झालं. तीन झाली.
चहावर साय धरली.
"सोडा की, आप्पा."
"कशी सोडू? सिग्नल आडवा हाय."

होता. मीच चिकटवलेला,
तसा छान दिसतो म्हणून.
तीन वर्षं त्याच्याखालून गाड्या जात होत्या,
आणि मी टाळ्या पिटत होतो.

अकरा नंबरचं पातं काढलं, चष्म्यावर भिंग चढवलं.
खांब हलू नये म्हणून आप्पांनी
दोन बोटांत धरला.
सांध्यावरचा वाळका थर कणाकणानं खरवडत गेलो,
खालच्या रंगाला न लागू देता.
हात सुटला. लाल, काडेपेटीच्या काडीएवढा,
आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं,

"आता हलवून बघा.
हळू."